‘आधी गांजा सोडून या’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना एका चादरवाल्याचं पत्र

प्रति,
सोलापुरातील मनोविकारतज्ज्ञ, व्यसनमुक्ती समुपदेशक आणि औषध दुकानदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नवी पेठेत चादरी आणि टॉवेल विकतो. पत्रं लिहायची सवय आहे ती उधारीच्या वसुलीची, त्यामुळे सूर मध्येच तसा लागला तर सांभाळून घ्यावं.

माझा धाकटा भाऊ आज 32 वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याला एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकण्याचा, चंचलतेचा विकार) असल्याचं निदान झालं. आणि एकोणिसाव्या वर्षापासून तो गांजा ओढतो. या दोन गोष्टी एकाच माणसात निघाल्या की त्याच्या घरच्यांना किती उंबरे झिजवावे लागतात, ते सांगायला हे पत्र. त्याला विचारूनच लिहितोय. मसुदा वाचून त्याने दोन वाक्यं खोडली आणि एक घालायला लावलं. ते पुढे येईल.

आधी त्याच्याबद्दल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या नात्यातल्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथे तो माल रवाना करायचं काम बघायचा. गठ्ठे मोजायचे, बिल्टी करायची, ई-वे बिल काढायचं. डोकं लागत नाही, फक्त ध्यान लागतं. एकदा सुरतेचा माल भरून ट्रक उभा होता आणि हा ऑफिसात बिल काढायला निघाला. वाटेत पॅकिंगच्या मावशींनी चिकटपट्टी संपल्याचं सांगितलं, म्हणून ती आणायला वळला. गेटवर कुणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती, तर तिचा प्लग काढून साफ करत बसला. तासाभराने हात काळे करून परत आला तेव्हा ट्रक बिलाशिवाय निघून गेला होता. पुढे तो अडवला गेला, दंड आम्ही भरला. दीड महिन्यात पुन्हा तेच. मी तोंडाला येईल ते बोललो. त्याने मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, “अण्णा, काय करायचं ते मला माहीत असतं. करायच्या वेळेला ते हाताशी नसतं.”

तेव्हा मला ते आळशी माणसाचं कारण वाटलं होतं.

रात्री गांजा तंबाखूत मिसळून चार-पाच सिगारेटी. घरात वास येऊ नये म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे. आईला वास कळायचा, पण ती उदबत्तीचं निमित्त करून गप्प राहायची. का ओढतोस म्हटलं की सांगायचा, “डोक्यातला मंगळवार बाजार उठतो थोडा वेळ.” सकाळी मात्र तो बाजार दुप्पट भरलेला असायचा.

आम्ही तीन ठिकाणी गेलो. नावं घेणार नाही, घ्यायची गरजही नाही, कारण तिन्ही ठिकाणी वाक्य एकच होतं: “आधी गांजा पूर्ण बंद करा, मग लक्षाचं बघू.” एकांनी सहा महिन्यांची अट घातली. दुसऱ्यांनी लघवीची तपासणी लिहून दिली. ती निगेटिव्ह आल्याशिवाय पुढची तारीख नाही म्हणाले. माझ्या भावाने खरोखर ओढणं थांबवलं. अठराव्या दिवशी तपासणी केली, पॉझिटिव्ह. त्याला खोटारडा ठरवून परत पाठवलं. रोज ओढणाऱ्याच्या शरीरातल्या चरबीत गांजाचे घटक साठून राहतात आणि शेवटच्या झुरक्यानंतर कित्येक आठवडे लघवीत उतरू शकतात, हे आम्हाला नंतर कळलं. तुम्हाला ते तेव्हाही माहीत असणार. त्या संध्याकाळी तो पुन्हा टाकीमागे गेला.

डॉक्टर, तुमची भीती मला कळते. पुण्यात माझी मावसबहीण डॉक्टर आहे. तिच्यासमोर बसून मी एकेक मुद्दा उलगडून घेतला, कारण बी.कॉम. माणसाला हिशोबाच्या दोन्ही बाजू बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

गांजा स्वतःच लक्ष आणि तात्पुरती स्मरणशक्ती बोथट करतो. त्यामुळे समोर बसलेल्या माणसाचं विसरणं जन्मजात आहे की चिलमीचं, हे एका भेटीत कळणं कठीण. गांजा बंद केला की पहिला आठवडा चिडचिड, झोप नाही, भूक नाही. तोही एडीएचडीसारखाच दिसतो. शिवाय एडीएचडीचं जे औषध, मेथिलफेनिडेट, त्याची जातच ‘उत्तेजक’. आपल्याकडे हा शब्द कुस्तीच्या आखाड्यात पकडल्या गेलेल्या पैलवानाबरोबर ऐकू येतो, त्यामुळे पेशंटच्या आईचा चेहरा आधीच उतरलेला. मेथिलफेनिडेट नाडीचे ठोके आणि रक्तदाब थोडा वाढवतं, गांजाही ठोके वाढवतो, आणि दोन्ही एकाच दिवशी पोटात गेले तर त्यांची बेरीज होते. ज्याला आधी कधी भास झाले, संशयाने पछाडलं, त्याच्यासाठी दोन्ही धोक्याचे. आणि गोळ्या बाहेर विकल्या जाण्याची शक्यता राहतेच.

हे सगळं मान्य. पण यातून ‘आधी सोडा, मग या’ कसं निघतं? यातून जपून द्यायचं, मोजून द्यायचं, बघत राहायचं, एवढंच निघतं. ज्याला ठरवलेली गोष्ट ठरवलेल्या वेळी करता येत नाही म्हणून तो तुमच्याकडे आलाय, त्याला तुम्ही सांगता की सहा महिने ठरवल्याप्रमाणे वागून दाखव, मग उपचार देतो. आमच्या धंद्यात याला ‘माल आधी विका, मग माल देतो’ म्हणतात.

निदानाचं कोडं सोडवायला आमच्या घरात एक कागद होता. आईने रेशन कार्ड आणि लाईट बिलांच्या पिशवीत आमची प्रगतिपुस्तकं ठेवली होती. धाकट्याचं चौथीचं. शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी निळ्या शाईने लिहिलेलं: “उत्तर येते, पण प्रश्न पूर्ण होऊ देत नाही. जागेवर बसत नाही. दप्तर रोज अपुरे.” खाली बाबांची सही. चौथी म्हणजे नऊ-दहा वर्षांचं वय, गांजा अजून दहा वर्षं लांब. 2013 सालापासून वापरात असलेल्या डीएसएम-5 या मनोविकारांच्या निकषांत लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, आणि मोठ्या माणसात नऊपैकी पाच पुरतात. आम्ही गेलेल्या तीनपैकी एकाही ठिकाणी कुणी शाळेबद्दल विचारलं नाही. शेवटी ज्या डॉक्टर मॅडम भेटल्या, त्यांनी दुसऱ्याच प्रश्नाला विचारलं, “आईंना घेऊन आलात का?” आईने पिशवीच काढली. मग त्यांनी गांजाची पाटी वेगळी मांडली: कधी, किती, कशात मिसळून, ओढला नाही तर काय होतं. त्यातच तंबाखूचं निघालं. आपल्याकडे पुष्कळ जण गांजा तंबाखूत मिसळून ओढतात, म्हणजे एकाच सिगारेटीतून दोन सवयी सुटायच्या असतात. तंबाखूचा प्रश्न तोवर कुणी काढलाच नव्हता.

आता पुराव्याचं. इथे मी तुमच्यापेक्षा जास्त शहाणा नाही, पण बहिणीने जे दाखवलं त्यातलं गैरसोयीचंही सांगतो. व्यसनाच्या उपचारासाठी येणाऱ्यांमध्ये साधारण चौघांमागे एकाला एडीएचडी असतो, असा 2012 साली प्रसिद्ध झालेला अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब आहे. आकडा 23 टक्के. म्हणजे तुमच्या बाहेरच्या बाकावर रोज असं कुणीतरी बसलेलं असणार. स्वीडनमध्ये 38 हजारांहून जास्त एडीएचडी असलेल्या लोकांच्या सरकारी नोंदी तपासल्या. उत्तेजक औषध घेणाऱ्यांमध्ये पुढे व्यसनाचे प्रश्न वाढलेले दिसले नाहीत, उलट कमी दिसले. (नोंदींचा अभ्यास आहे, कार्यकारण सिद्ध होत नाही, असं बहिणीने दोनदा बजावलं.) स्वीडनमध्येच ॲम्फेटामाइनचं व्यसन असलेल्या 54 कैद्यांना मेथिलफेनिडेट नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या डोसमध्ये, 180 मिलिग्रॅमपर्यंत, देऊन पाहिलं. एडीएचडीही सुधारला आणि व्यसनही कमी झालं. 2015 मध्ये अमेरिकेत कोकेन घेणाऱ्या 126 जणांवरही उत्तेजक औषधाचा असाच निकाल आला.

पण गांजाच्या बाबतीत गाडी इतकी सरळ जात नाही. अमेरिकेतच 2011 साली 303 किशोरवयीन मुलांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या पुष्कळांचा मुख्य प्रश्न गांजा होता. सगळ्यांना समुपदेशन, निम्म्यांना लांब पल्ल्याचं मेथिलफेनिडेट, निम्म्यांना औषध नसलेली खोटी गोळी, 16 आठवडे. एडीएचडी दोन्हीकडे सुधारला. मुख्य मोजमापात खऱ्या आणि खोट्या गोळीत फरक दिसला नाही. गांजावाल्या मोठ्या माणसांना ॲटोमॉक्सेटिन (एडीएचडीचंच, पण उत्तेजक नसलेलं औषध) देऊन पाहिलं तर लक्षणं थोडी हलली, गांजा हलला नाही.

आणि इथेच माझ्या भावाचं वाक्य. त्याने पेनाने लिहून दिलंय, तसंच उतरवतो: “गोळीने माझा गांजा सोडवला नाही. गोळीने मला समुपदेशकाच्या वेळेवर पोचवलं.”

त्या खोट्या गोळीच्या मुलांनाही समुपदेशन मिळत होतंच, हे आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बसून बोलायला, घरी दिलेला अभ्यास करायला, तलफ आली की दहा मिनिटं थांबायला आधी डोकं जागेवर लागतं. माझ्या भावाने गोळीच्या आधी समुपदेशनाच्या सहापैकी चार वेळा चुकवल्या होत्या. एकदा तर दारात जाऊन परत आला, कारण वाटेत कुणाचा तरी फोन आला आणि आपण कुठे निघालो होतो तेच विसरला. हे ऐकून तुम्ही हसाल. आम्ही तेव्हा हसलो नव्हतो.

दुकानदार मंडळींसाठी थोडं. मेथिलफेनिडेट परिशिष्ट एक्समध्ये, म्हणजे औषध नियमांतल्या कडक नियंत्रणाच्या यादीत, येतं. वेगळा परवाना, कुलूपबंद कपाट, चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक तुम्ही दोन वर्षं जपायची. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार हे औषध व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही. कायद्याचा हेतू बरोबर आहे, मला त्यात ढिलाई नको. पण पहिल्या महिन्यात आम्ही पाच दुकानं फिरलो. दोघांनी “नाही” म्हटलं, दोघांनी “तो परवाना आम्ही घेतच नाही, कटकट आहे” म्हटलं. पाचव्याने चिठ्ठी हातात घेऊन, काउंटरवर आणखी तीन गिऱ्हाईकं उभी असताना, मोठ्याने विचारलं, “हे कशाला घेता हो?” माझा भाऊ बाहेर जाऊन उभा राहिला. मग मी पुणे गाठलं. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस, अडीचशे किलोमीटर, एका पट्टीसाठी. शहरात दोन-चार दुकानांनी जरी हा परवाना ठेवला आणि डॉक्टरांनी चिठ्ठीबरोबर दुकानाचं नाव सांगितलं, तर एखाद्याचा उपचार दुसऱ्याच महिन्यात तुटणार नाही. मोठ्याने विचारण्याबद्दल वेगळं काय सांगू. तुम्हालाही घरं आहेत.

आता आमची रीत सांगतो. मॅडमनी आधी रक्तदाब, नाडी, वजन घेतलं. घरात कुणाला तरुणपणी हृदयाचा त्रास, कुणाला वेडाचा झटका, विचारलं. लांब पल्ल्याची गोळी निवडली, सकाळी एक, दिवसभर हळूहळू सुटणारी. झटकन चढणाऱ्या गोळीत नशेसारखा झटका शोधता येतो आणि ती कुटून वापरणंही सोपं, म्हणून गैरवापराची शंका असेल तिथे ती टाळावी असं ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. सुरुवात 18 मिलिग्रॅमने. पहिले दोन महिने दर आठवड्याला बोलावलं आणि सातच गोळ्यांची चिठ्ठी.

गोळ्या माझ्याकडे. दुकानाच्या गल्ल्याखाली एक छोटा लोखंडी खण आहे, बाबांच्या वेळचा. त्यात पूर्वी हुंड्या ठेवायचे. सकाळी नाश्ता करून धाकटा दुकानात येतो, मी खण उघडतो, तो गोळी घेतो, माझ्यासमोर पाणी पितो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला टिंब करतो. सोमवारी रिकामी पट्टी मॅडमकडे परत. सुरुवातीला त्याला याचा राग यायचा. मलाही भावावर पहारा करताना बरं वाटायचं नाही. पण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्याने टिंब करताना कॅलेंडरवर दुसरं काहीतरी बघितलं आणि म्हणाला, “अण्णा, इचलकरंजीच्या पार्टीचं पेमेंट आज आहे.” दुकान उघडल्यापासून माझ्याही लक्षात नव्हतं.

मग गड्ड्याची यात्रा आली. ऑक्टोबरअखेर सुरू केलेल्या उपचाराचे अकरा आठवडे झालेले, सहा आठवडे गांजाला हात नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत त्याचे जुने दोस्त भेटले, अक्षता सोहळ्याच्या रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोळीसाठी आला, पण खुर्चीत बसून राहिला. “काल ओढला. आज घेऊ का नको?” हा प्रश्न त्याने मला विचारला, हे मला अजून खरं वाटत नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून सांगितलं. मी मॅडमना फोन लावला. त्यांनी ठोके मोजायला सांगितले, त्या दिवशी गोळी देऊ नका म्हणाल्या, आणि दोन दिवसांनी या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. ‘आता बंद’ म्हणाल्या नाहीत. भेटीत त्यांनी यात्रेचा दुसरा दिवस कसा गेला, कोण भेटलं, किती वाजता, एवढंच खोदून विचारलं आणि त्यावरून पुढच्या यात्रेचं आताच ठरवून टाकलं: नंदीध्वजाच्या मिरवणुकीत आईसोबत राहायचं.

कल्पना करा, हीच गोष्ट आम्ही आधीच्या तीन ठिकाणी सांगितली असती तर. म्हणूनच तिथे कुणी खरं सांगत नाही. पेशंट खोटं बोलतात अशी तुमची तक्रार असते. खरं बोलल्यावर उपचार काढून घेतला जात असेल तर शहाणा माणूस दुसरं काय करेल?

मला याचीही उलटी बाजू दिसते. पाच मिनिटांत चिठ्ठी फाडून देणारा डॉक्टर मला नको आहे. मोबाईलवरची रील बघून “मलाही एडीएचडी आहे” म्हणणारी पोरं दुकानात येतात, माझ्याच भाच्याचं तसं चाललंय. त्याला मी पहिलं सांगितलं, आईकडून चौथीचं प्रगतिपुस्तक घेऊन ये. ते सोन्यासारखं निघालं, बाईंनी ‘आदर्श विद्यार्थी’ लिहिलंय. तर प्रत्येक गांजावाल्याला ही गोळी द्या असं मी म्हणत नाही. कुणाला उत्तेजक नकोच असेल, त्याला ॲटोमॉक्सेटिन. ते परिशिष्ट एक्समध्ये नाही, फक्त त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. कुणाला आधी महिनाभर गांजा कमी करूनच बघावं लागेल. ते तुम्ही ठरवा. पण ठरवायला त्याला आत बसवा. बाहेर उभा करून ठरवू नका.

2019 च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात देशात सुमारे 72 लाख लोकांना गांजा-भांगेच्या प्रश्नासाठी मदतीची गरज आहे असा अंदाज होता. त्यातले सोलापूरचे किती आणि त्यातल्या कितींचं चौथीचं प्रगतिपुस्तक माझ्या भावासारखं, कोण मोजणार. डॉ. वैशंपायन महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे, गावात खाजगी दवाखाने आहेत, व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. एकमेकांना तुम्ही ओळखता, लग्नकार्यात भेटता. एकदा चहाला बसून एवढं तरी ठरवता येईल का, की व्यसनमुक्तीच्या दारात येणाऱ्याला एडीएचडीचे सहा प्रश्न विचारले जातील (जागतिक आरोग्य संघटनेची छोटी प्रश्नावली आहेच) आणि लक्षाच्या तक्रारीसाठी येणाऱ्याला गांजाचा प्रश्न दम न देता विचारला जाईल? आणि एका दाराने दुसऱ्या दाराकडे पाठवलं तर सोबत चिठ्ठी जाईल, पेशंटला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागणार नाही?

धाकटा सध्या 36 मिलिग्रॅमवर आहे. वजन तीन किलो उतरलंय, आई रोज कडक भाकरीवर शेंगाची चटणी आणि तुपाचा गोळा ठेवते. शनिवारी कधीतरी ओढतो, मग रविवारी टिंब नसतं. मार्चपासून एकही ट्रक ई-वे बिलाशिवाय गेलेला नाही. चिकटपट्टी मात्र परवा पुन्हा संपली होती.

आपला,
नवी पेठेतला एक चादरवाला
सोलापूर

ता.क. — ज्या घरात हे वाचून कुणी गप्प झालं असेल त्यांच्यासाठी: 14416 हा मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा आणि 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या 64-अ कलमात, फक्त सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. आमच्या आईला पोलिसांचीच भीती होती, म्हणून लिहिलं.